एका बाजूनं खाली केलेला ट्रेलर

आमचं घर आणि आमचं फरशीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत एक दार. दाराच्या अलीकडे आईची चूल, पलीकडे मोकळ्या जागेत ओळीनं उभ्या केलेल्या शहाबादी फरश्या. त्यामुळे भाकरी थापण्याचा आवाज आणि फरशीला फरशी टेकवण्याचा आवाज आमच्या कानांवर एकदमच पडायचा, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं असतं. अंबाजोगाईतून लातूरकडे निघालं की गाव संपता संपता आमचं दुकान लागायचं. उन्हाळ्यात फरश्या इतक्या तापायच्या की संध्याकाळी जवळून गेलं तरी अंगाला झळ लागायची. पावसाळ्यात त्याच फरश्या धुऊन काळ्याभोर दिसायच्या आणि आई म्हणायची, आता गिऱ्हाईक आलं तर बरं, माल कसा नवरीसारखा दिसतोय.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे उठून आंघोळ करायचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. ती पूजा होईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पूजा झाली की चहा, आणि चहा झाला की मात्र दिवसभर त्यांचा आवाज थांबायचा नाही. हमालांशी, ड्रायव्हरांशी, गवंड्यांशी, रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाशी ते बोलतच असायचे. अप्पा वाईट माणूस नव्हते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तसं वाटायची शक्यता आहे. ते घाईचे होते, आणि मोठ्या माणसासमोर जरा जास्तच मऊ व्हायचे, एवढंच.

दुकानात माल उतरवायला लिंबाजी नावाचे गृहस्थ होते. आम्ही त्यांना लिंबामामा म्हणायचो. अंगानं सडपातळ, चालताना थोडे पुढं वाकलेले, आणि हाताचे पंजे मात्र एखाद्या पैलवानाचे असावेत तसे. फरशीच्या कडा लागू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ते पंजाला बांधायचे. उतरवलेली प्रत्येक फरशी बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. ती खणकन वाजली तर चांगली, भद्द वाजली तर आत कुठंतरी तडा गेलेला. अप्पासुद्धा त्यांच्या कानावर विश्वास ठेवायचे. इतक्या वर्षांत लिंबामामांच्या हातून एकही फरशी फुटल्याचं मला आठवत नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. तो ते बोलून दाखवायचे नाहीत, पण दुसऱ्या कुणाच्या हातून फुटली की तिथून मुकाट्यानं निघून जायचे.

दुपारी ते आमच्या मागच्या दाराशी जेवायला बसायचे. भाकरी त्यांची, आमटी आमची. आईची येसराची आमटी त्यांना फार आवडायची. भाजलेल्या डाळींच्या आणि मसाल्याच्या पिठाची ती दाटसर, तिखट आमटी ते भाकरीच्या काल्यावर ओतून घ्यायचे आणि वर शेंगदाण्याची चटणी. जेवताना बोलायचे नाहीत. जेवण झाल्यावर ताट स्वतः विसळून पालथं घालायचे आणि आत बघून म्हणायचे, "वैनी, आज येसर जरा कडू लागला." आई दरवेळी खरंच चाखून बघायची आणि ते हसायचे. मी घरात थोरली म्हणून अप्पा सोडून मला सगळे अक्का म्हणत, मामाही. त्यांना स्वतःला लेकरू नव्हतं. बायको सुंदरामामी, दुसऱ्यांच्या रानात कामाला जायच्या.

आता फरशी गाडीत कशी येते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. फरशी आडवी टाकून आणली तर वाटेत हादऱ्यानं फुटते. म्हणून ती उभी आणतात. गाडीच्या मधोमध लाकडी चौकट उभी करायची, तिच्या डाव्या अंगाला एक ओळ टेकवायची आणि उजव्या अंगाला दुसरी. दोन्ही ओळी चौकटीला पाठ लावून एकमेकींना धरून उभ्या राहतात. वरून दोर आवळायचा. उतरवताना एक फरशी या ओळीतली काढायची, मग एक त्या ओळीतली. लिंबामामा दोर सोडायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायचे, गाडी कोणत्या अंगाला कललीय ते वाकून बघायचे, मग वर चढायचे. ड्रायव्हर लोक हसायचे, म्हणायचे, मामा देवाला निघाले. मामा म्हणायचे, हसा.

मी त्या वेळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अप्पा जेवायला आत गेले की दुकानात मी बसायचे. थंडीचे दिवस होते. त्या दिवशी नेहमीच्या ट्रकऐवजी लांबलचक ट्रेलर आला होता. तो आवारात वळेना म्हणून ड्रायव्हरनं रस्त्याच्या कडेलाच लावला. त्याची आमच्याकडची, म्हणजे डावीकडची चाकं खाली कच्च्यात उतरली होती. त्याच बाजूला एक ट्रॅक्टर ट्रॉली लावून उभा होता. तो जवळच्या गावातल्या एका पुढाऱ्याचा. त्यांच्या नव्या घराला फरशी लागणार होती आणि गवंडी खोळंबलेत असा निरोप दोनदा येऊन गेला होता.

अप्पा जेवायला निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "नंदा, लिंबाजीला सांग, ट्रॅक्टरच्या बाजूची ओळ आधी सगळी ट्रॉलीत भर म्हणावं. त्यांचा ट्रॅक्टर मोकळा करून टाका." मी हो म्हटलं. मामा माठापाशी पाणी पीत होते. त्यांचे जोडीदार खाजाभाई पलीकडे ट्रॅक्टरवाल्याशी बोलत उभे होते. मी मामांना अप्पांचा निरोप दिला.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "आक्का, एका बाजूनं खाली न्हाई करता येत. गाडी आधीच हिकडं कललीय. हिकडची ओळ निघाली की तिकडची समदी हिकडं येतीय."

मी म्हटलं, अप्पांनी सांगितलंय.

"अप्पाला जेवून येऊ द्या. मी बोलतो त्यांच्याशी."

तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला. माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, परीक्षा जवळ आली होती. मला त्या हॉर्नचा राग आला आणि तो मी मामांवर काढला. म्हटलं, "मग अप्पांना काय सांगू मी? मामा ऐकत नाहीत म्हणून सांगू?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. त्यात राग नव्हता, आश्चर्य होतं. अक्का असं बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग त्यांनी पंजाला ट्यूब बांधल्या, गाडीभोवती फेरी मारली आणि वर चढले. मी पुस्तकात डोकं घातलं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. आवाज आला तो कुणालाही वाटेल तेवढा मोठा नव्हता. आधी लाकूड मोडल्याचा एक आवाज, मग फरशीवर फरशी, फरशीवर फरशी, थांबेचना. मी बाहेर धावले तर धुळीत काही दिसत नव्हतं. खाजाभाई ट्रॉलीपाशी खांद्यावर फरशी घेऊन पाठमोरे उभे होते, ते तसेच उभे राहिले. डावीकडची ओळ निम्म्याहून जास्त रिकामी झाली होती, आणि त्या रिकाम्या जागेत उजवीकडची सगळी ओळ चौकटीसकट कोसळली होती. मामा त्या जागेतच उभे होते. आता ते कमरेपासून खाली दिसत नव्हते. ओरडत नव्हते. तोंड उघडं होतं आणि श्वास घेताना घशातून बारीक आवाज येत होता.

अप्पा मागच्या दारानं धावत आले. त्यांच्या उजव्या हाताला आमटी तशीच होती. ते ट्रेलरवर चढले आणि एकेक फरशी उचलू लागले. ओढायची नाही, उचलायची, असं खाजाभाई सांगत होते, कारण ओढली की वरची खाली येत होती. ट्रेलरचा ड्रायव्हर, ट्रॅक्टरवाला, रस्त्यावरची माणसं, सगळे लागले. अप्पांच्या दोन बोटांची नखं निघून आली, ते त्यांना संध्याकाळी कळलं. त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलेल्या फरश्यांवर गाद्या टाकून मामांना मोठ्या दवाखान्यात नेलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी फार केलं. जीव वाचला, उजवा पाय वाचला. डावा गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

दवाखान्याच्या आवारात पोलीस चौकीचे जमादार आले आणि त्यांनी अप्पांना विचारलं, कसं झालं. अप्पा म्हणाले, "पाय घसरला त्याचा. आधाराला चौकट धरली, ती मोडली." मी शेजारी उभी होते. खाजाभाईंना विचारलं, ते म्हणाले मी पाठमोरा व्हतो, आणि ते खरंच होतं. माझ्याशी मामांचं झालेलं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही. मी बोलले नाही.

हल्ली गावाबाहेरच्या रस्त्यानं जाताना मोठमोठी गोदामं लागतात. तिथं ट्रेलर लागलेले असतात, खोक्यांचे, सळयांचे, पोत्यांचे. वाटेत माल सरकून फाळक्याला, म्हणजे गाडीच्या उघडत्या फळीला, टेकलेला असतो आणि माणसं बरोबर त्या फाळक्यासमोर उभी राहून कडी काढतात. मी दोनदा रिक्षा थांबवून उतरले आहे. बाजूला उभं राहून कडी काढा म्हणून सांगितलं. एकदा एक जण हसून म्हणाला, "आजी, आमचं रोजचंच हाय हे." मी म्हटलं, रोजचं असतं त्यालाच लागतं. त्यानं तेवढ्यापुरतं मला बरं वाटावं म्हणून बाजूला सरकून कडी काढली. परत येताना बघितलं तर पुन्हा समोरच उभा.

मामांना दवाखान्यात नेल्यावर चार दिवसांत गावात दुसरंच बोलणं सुरू झालं. घसरला म्हणजे का घसरला, तर लिंबाजीनं घेतली असणार. कुणी सुरू केलं ते कळलं नाही. अप्पांनी नक्कीच नाही. पण दुकानात कुणी तसं म्हटलं की अप्पा नुसते गप्प बसायचे. एका सकाळी सुंदरामामी आमच्या मागच्या दाराशी येऊन बसल्या. आईनं चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आक्का, तुमी तिथं व्हत्या. माझा मानूस पिलेला व्हता का?"

मी म्हटलं, नाही.

"मग पाय कावून घसरला?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, मी वाचत होते. त्या उठून गेल्या. त्या दिवशी आईनं माझ्या हाती दवाखान्याचा डबा दिला. रोज माझा धाकटा भाऊ न्यायचा. ती म्हणाली, आजपासून तू ने.

मग मी रोज जाऊ लागले. मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मी डबा उघडून ठेवायचे, ते उठून जेवायचे, आणि मी ताट विसळायचे. आठवडाभर आम्ही जेवणाशिवाय काही बोललो नाही. एक दिवस जेवण झाल्यावर ते छताकडे बघत म्हणाले, "आक्का, एक इचारू? माझा पाय घसरला का? समदे तसंच म्हनत्येत. खाजा बी म्हनतो, घसरला आसंल. मला त्या दिसाचं नीट आठवंना. मी गाडीला फेरी मारली व्हती का न्हाई तेबी आठवंना. वर चढल्याचं तेवढं आठवतं. आता मलाच वाटाया लागलं, की आपलंच चुकलं."

तोवर मला वाटत होतं की त्यांना सगळं आठवतंय आणि ते मोठ्या मनानं गप्प आहेत. तसं असतं तर मी कदाचित आणखी बरेच दिवस गप्प राहिले असते. पण ते आमच्या खोट्यावर विश्वास ठेवायला लागले होते. त्यांचं काम त्यांना येत होतं, ही एकच गोष्ट त्या माणसाकडे स्वतःची म्हणून होती, आणि पायापाठोपाठ आम्ही तीही काढून घेत होतो.

मी सांगितलं. माठापासून सुरू केलं. ते काय म्हणाले, मी काय म्हटलं, हॉर्न, मग मी काय म्हटलं. फेरी मारली होती, मामा, हेही सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, "मी म्हनलो व्हतो? तिकडची हिकडं येतीय, आसं म्हनलो व्हतो?"

"हो. अगदी असंच म्हणाला होतात."

त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मी डबा घेऊन घरी आले.

त्या संध्याकाळी मी अप्पांना म्हटलं की मी जमादारांकडे जाऊन जबानी देणार आहे. अप्पा चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले की लिंबाजीला आपण उघड्यावर टाकणार नाही, त्याचं सगळं बघू, मग कागदावर कशाला? तू पोरीची जात, चौकीची पायरी कशाला चढतेस? आणि शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मी काय मुद्दाम केलं का, नंदा?" मला रडू आलं, कारण त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं आणि मीही केलं नव्हतं. पण मामांनी तर काहीच केलं नव्हतं. हे मला त्या वेळी असं मांडता आलं नाही. मी नुसतं म्हटलं, उद्या जाते. आई चुलीपुढं बसली होती, तिनं मागं न बघता सांगितलं, "जायचं आसंल तर जेवून जा."

दुसऱ्या दिवशी मी सुंदरामामींना घेऊन चौकीत गेले. जमादार वयस्कर होते, हळूहळू लिहीत होते. सांगितलं कुणी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अप्पांनी मला सांगितलं, मी मामांना सांगितलं, मामा नको म्हणाले, मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पेन थांबवून विचारलं, "बाई, बापाचं नाव घालायचं? विचार केला का?" मी म्हटलं, माझंही घाला. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं वाचून दाखवलं. सुंदरामामींना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "सायेब, ते ह्यांनी काय म्हनलं ते परत एकदा वाचा." जमादारांनी ते एक वाक्य पुन्हा वाचलं. मामींनी मान हलवली, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, चला.

पुढं बरीच कामं झाली, कचेऱ्या झाल्या, भरपाई ठरली, ती अप्पांनी दिली. त्याबद्दल मला लिहायचं नाही. अप्पा माझ्याशी तीन महिने बोलले नाहीत. निरोप आईमार्फत यायचे, आम्ही एकाच पंक्तीला जेवायला बसलेले असतानासुद्धा. तो अबोला कसा सुटला तेही काही सांगण्यासारखं नाही. एका सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी चहा मागितला, आई आसपास नव्हती, मी दिला, आणि ते म्हणाले, साखर कमी झाली. बस. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी मरेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. पण नंतर आमच्या दुकानात ट्रेलर कडेला कधी खाली झाला नाही. आवाराची भिंत पाडून त्यांनी गाडी आत सपाटीला येईल अशी जागा केली, आणि आपलं जेवण माल उतरून झाल्यावरच करायची सवय लावून घेतली, मग ऊन कलेना का.

मामा कुबडी घेऊन हिंडू लागले. अप्पांनी दुकानात बसायला बोलावलं, ते आले नाहीत. त्यांनी घराशीच चहापत्ती, साबण असलं छोटं दुकान टाकलं. माझं लग्न झालं, मी शाळेत शिकवायला लागले, आणि माहेरी आले की त्यांच्याकडे जायचे. एकदा, अप्पा जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा, मी बऱ्याच वर्षांचं मनातलं विचारून टाकलं. म्हटलं, मामा, दवाखान्यात मी सांगितलं त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला राग आला नव्हता?

"आला व्हता की," मामा म्हणाले. "लई आलता. अप्पाचा येवढा न्हाई, तुमचा आलता. दोन-अडीच वर्सं व्हता."

मी म्हटलं, पण तुम्ही तर रोज डबा खात होतात. माझ्याशी नीट वागत होतात.

"भूक लागत व्हती आन आमटी चांगली व्हती. त्याचा रागाशी काय संबंध?"

सुंदरामामी आतून हसल्या. मी विचारलं, मग राग गेला कसा? रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, तो मामांनी जाऊ दिला.

"काय की," ते म्हणाले. "एक दिस बगितलं तर नव्हता."